सांगावा परत आला पाहिजे

अक्का, तुम्ही गेल्याचा सांगावा मला फोनवरच्या गटातून आला. ज्याच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, त्याच गटातून. तुमच्या अशोकनं दोन ओळी टाकल्या, तुमचा परिचारिकेच्या पांढऱ्या साडीतला जुना फोटो लावला, आणि बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही जोडले. दुसरं काय करावं ते सुचेना. फोन पालथा ठेवला आणि कानात पहिलं आलं ते तुमचंच बोलणं: "हात जोडलेत खरं समद्यांनी. कळलं किती जणांला?"

थोड्या वेळानं पिंगळीच्या एका बाईंचा फोन आला. "भाऊ, अक्काचा सत्कार हाय का कुठं? गटात लोक लय फुलं टाकायलेत."

मला हसू आलं. अशा दिवशी हसू आलं याची लाज वाटली. मग वाटलं, लाज कशाची? हे तुम्ही ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसला असतात आणि म्हणाला असतात, "पोचलं न्हाई, भाऊ. परत सांगा." मी त्या बाईंना परत सांगितलं. अक्का गेल्या. मग त्यांनीच सावकाश म्हटलं, "अक्का गेल्या." तेव्हा पोचलं. त्यांनाही, आणि मलाही.

आमच्या संस्थेच्या वार्तापत्रात तुमच्यासाठी एक पान ठेवलंय, ते मी लिहावं असं ठरलंय. जन्मगाव, नोकरी, मिळालेले मान हे सगळं अशोक लिहून देणार आहे. शेवटी पुतण्या आहे तो, त्याचा हक्क. मी दुसरंच लिहिणार आहे. मी कमी बोलणारा माणूस, हे तुम्हाला माझ्या बायकोइतकंच ठाऊक होतं. पण कमी बोलण्याचा आडोसा करून मी काय काय टाळलं, ते एकदा सरळ सांगून टाकायचंय. तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. राहिलं.

तुम्हाला काय सांगायचं, पण वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. म्हातारी, अपंग, अंथरुणाला खिळलेली मोठी माणसं जे सांभाळतात, त्यांना आपल्या जिल्ह्यात कुठं काय मिळतं आणि कुठली नवी सूचना आली, हे कळवत राहणं हे माझं काम. कुणी वृद्धाश्रम चालवतं, कुणी घरोघरी जाऊन रोजानं सांभाळतं. तुमचं घर त्यांतलंच एक. झरीच्या अलीकडं, पत्र्याच्या खोल्या, पुढं लिंबाचं झाड, आणि आत ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी माणसं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, तुम्ही हे घर काढलंत.

पहिल्यांदा तुमच्या दारात आलो तेव्हा माझ्या हातात सूचनेचा कागद होता. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, कानाची यंत्रं फुकट मिळण्याचं शिबिर होतं. मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं, "ज्येष्ठ नागरिकांकरिता सहाय्यभूत साधनांचे विनामूल्य वितरण." तुम्ही डाळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "चांगलं हाय. आता ह्या किसनला सांगा."

किसन म्हणजे तुमच्याकडं स्वयंपाक करणारा आणि म्हाताऱ्यांना आंघोळी घालणारा गडी. त्याला मी तेच वाचून दाखवलं.

"काय म्हनले रे साहेब?" तुम्ही विचारलंत.

किसननं डोकं खाजवलं. "म्हाताऱ्या शेतकऱ्यायला अवजारं वाटायलेत म्हनं. कोळपं, तिफन असं काही असंल."

मला राग आला. तुम्ही डाळीतला खडा बाजूला टाकलात आणि म्हणालात, "साहेब, कागद बरोबर हाय तुमचा. पर त्यो कागद कुनाला आंघोळ घालीत न्हाई. घालतोय ह्यो."

मग मला तिथंच बसवून किसनला साध्या बोलीत सांगायला लावलंत. त्याच्याकडून परत म्हणवून घेतलंत. एकदा चुकला, मी पुन्हा सांगितलं. बरोबर म्हटल्यावर तुम्ही त्याला शेजारच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर पाठवलंत, तिथल्या आजारी म्हातारीच्या लेकीला सांगायला. आणि मला म्हणालात, "आता ही खबर मला दुसऱ्या कुनाच्या तोंडून ऐकू येस्तोवर मी पोचली म्हननार न्हाई."

तशी ती आली. झरीत सांगितलेली गोष्ट पिंगळीच्या बाईनं तुम्हालाच नवी म्हणून सांगितली, आणि तुम्ही मला फोन केलात. दोनच शब्द: "आलं परत." पुढं कितीतरी वेळा ते दोन शब्द ऐकले. खबर वाकडीतिकडी होऊन आली तर तुम्ही वाट उलटी धरायचात, कुणाला कुणी सांगितलं ते विचारत विचारत, जिथं ती वाकली तिथपर्यंत. पण ऐकणाराला कधी बोल लावला नाहीत. "चूक सांगनाराची असती," म्हणायचात. बहुतेक वेळा वाट माझ्यापाशीच येऊन थांबायची.

ही रीत कुठं शिकलात, ते मी खूप उशिरा विचारलं. पिंगळीच्या स्टेशनावर बाकावर बसलो होतो, गाडीचा पत्ता नव्हता.

"आज्ज्यानं शिकवली," तुम्ही म्हणालात. "आजा गावकीचं काम करायचा. कुनाच्या वाड्यावर मयत झालं की सोयऱ्याधायऱ्यायला सांगावा नेयाचा. पायी, ह्या गावाहून त्या गावाला. दारात लांब उभं ऱ्हायचं, सांगावा द्यायचा आन् म्हनायचं, मायबाप, मी काय सांगितलं ते एकदा बोला. कामून ठावं हाय का? नाव इकडचं तिकडं झालं, वार चुकला, तर मार आज्ज्याला."

"मग?"

"मग काय. छप्पन्नला दीक्षा घेतली आन् बापानं ते काम सोडलं. म्हनला, दुसऱ्याच्या मयताचे सांगावे आपुन आता न्हाई वाहायचे. मला शिकिवलं, मी नर्स झाले." आणि तुम्ही एकदम हसलात. "आन् बगा की, म्हातारपनी परत सांगावेच वाहायलेय. पर जित्या मान्साचे. मपल्या मर्जीनं. आन् दारात उभं ऱ्हाऊन न्हाई. आत जाऊन, चहा पिऊन."

माझे आजोबा याच पट्ट्यातले, बऱ्या जमिनीचे. अशा सांगाव्याच्या वेळी ते दाराच्या कोणत्या बाजूला उभे असत, हे मला ठाऊक होतं. माझं आडनाव ऐकल्यापासून तुम्हालाही ठाऊक असणार. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी काढलं नाही. गाडी आली, तुम्ही पिशवीतला डबा काढलात, आणि निम्मी भाकरी माझ्या हातावर ठेवलीत. चटणी लय तिखट होती, एवढंच मी बोललो.

आता माझ्या घरचं. माझ्या आईला लकवा झाला आणि ती खाटेवर आली. तिचं सगळं सुनंदाच करत होती, माझी बायको. त्याच सुमारास अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेच्या गाद्या फुकट वापरायला मिळू लागल्या, आणि रोग्याची कूस कशी बदलावी, पाठ कशी तपासावी हे शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. मी जिल्हाभर कळवलं. फोन केले, वालूरपर्यंत जाऊन आलो. किसनच्या धड्यानंतर माझी बोलीही सुधारली होती. खूश होतो स्वतःवर. तुम्ही नेहमीप्रमाणे खबर पोचली का ते बघायला इकडं तिकडं फोन लावत होतात, आणि त्यात एक लावलात माझ्या घरी. मी जेवायला बसलो होतो. सुनंदाचे हात पिठाचे, म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"सुनंदा, हवेच्या गादीचं कळलं का गं?"

"कसली गादी, अक्का?"

माझा घास हातातच राहिला.

"तुझ्या सासूसाठी. शिकवायला बाई बी येत्यात घरी."

"न्हाई बा. आत्यांच्या पाठीला जखम पडलीय, मी हळद लावायलेय. कोन देतंय गादी?"

"तुझा नवरा," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी ऑटोत गादी घालून तुम्ही स्वतः आलात. उतरताना माझ्याकडं बघितलंही नाहीत. पदर खोचून आईला कुशीवर घेतलंत, जखम धुतलीत, आणि सुनंदाला शिकवलंत: दोन-दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली घडी ठेवायची, टाच गादीला टेकू द्यायची नाही, लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, हळद तर मुळीच नाही. तिच्याकडून परत म्हणवून घेतलंत. मी दारात उभा होतो. सुनंदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अक्का, हे घरात दोनच शब्द बोलतात. 'आलो' आन् 'वाढ'."

"तिसरा मी शिकविते," तुम्ही म्हणालात, आणि तेव्हा कुठं माझ्याकडं वळलात. "भाऊ, सांभाळनारी म्हंजे कोन? तुमच्या लेखी जिला पगार हाय ती. घरातली म्हंजे नुसती सून. हिला कोन सांगनार होतं?"

मी म्हणालो, "मला वाटलं, घरात काय सांगायचं."

"घरातच सांगायचं असतंय, बाबा."

त्या दिवसापासून माझ्या कामात घरच्या बाया आल्या. सुना, लेकी, बायका, आणि कुठं कुठं लेकही. आईची जखम भरली. तिची पाठ शेवटपर्यंत कोरडी राहिली. ती गेली तेव्हा आंघोळ घालून बाहेर आलेली सुनंदा रडत रडत मला म्हणाली, "पाठीला एक डाग न्हाई बगा." लेकानं अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट, आणि तिच्यात माझं काही नव्हतं. तुमचं होतं, आणि तिचं होतं.

पण मला द्यायचे ते आभार गादीचे नाहीत, अक्का. गादीनंतर सुरू झालं त्याचे आहेत. संध्याकाळी घरी आलो की मी दिवसभरातल्या खबरा सुनंदाला सांगू लागलो, कामाची तालीम म्हणून. ती परत म्हणून दाखवायची, मध्येच टोकायची, "हे असं म्हनलात तर बाई घाबरंल, असं म्हना." त्यातून मग दुसरंही बोलणं निघायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आमच्या घरात गप्पा सुरू झाल्या. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं असेल. सुनंदा तुम्हाला सगळंच सांगायची.

तुम्ही नेहमीच बरोबर असायचात असंही नाही, हे इथं लिहायला हवं, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मेल्यावर देव्हाऱ्यात बसवायलेत. एका उन्हाळ्यात, ऊन जीव घेऊ बघत होतं तेव्हा, म्हाताऱ्यांना दुपारी बाहेर काढू नका, तहान लागायची वाट न बघता पाणी पाजा, पत्र्यावर ओली पोती टाका, ही सूचना मी गटात टाकली. संध्याकाळपर्यंत गावोगाव पोती भिजली. तुमचा तोंडी सांगावा फिरून परत यायला चार दिवस लागले.

"अक्का, चार दिवसांत माणूस वाळून जाईल," मी म्हणालो.

"बरं, घाईची खबर गटात टाका. जिवाची खबर तोंडानं सांगा."

"घाई वेगळी आणि जीव वेगळा कसा?"

"चहा घेनार का?" म्हणालात. हरलात की चहा विचारायचात. पुढच्या आठवड्यात गटात तुमच्या आवाजातला पहिला निरोप आला. त्यात सुरुवातीला बराच वेळ "अशोक, हे चालू झालं का रे? कुठं दाबू?" आणि मागं कोंबड्या. निरोप कोणाला आठवत नाही, कोंबड्या सगळ्यांना आठवतात. पण ते भांडण अर्धंच राहिलं. घाई कुठली आणि जीव कुठला, हे आता मी कुणाशी ठरवू?

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अशोकला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे, आता दुखणं कमी ठेवणं एवढंच हातात आहे. जिन्यात अशोकनं माझे हात धरले. "काका, अक्काला कळू देऊ नका. ती हाय खाईल. सूज हाय म्हना." मी मान हलवली. उभं आयुष्य दवाखान्यात काढलेल्या बाईपासून आम्ही दोन बाप्ये तिचंच दुखणं लपवायला निघालो. माझं तर सांगणं हेच काम. आणि तुमचं सगळं म्हणणं काय होतं, की सांभाळणाराला आणि सोसणाराला सगळं कळलं पाहिजे. ते मी रोज गावोगाव सांगत होतो, आणि तुमच्यापाशी आलो की सूज म्हणत होतो. मग येणंच कमी केलं. कामं आहेत म्हणालो.

आणि मग तुमचा तो फोन आला.

"भाऊ, एक पेशंट हाय. पोटाची गाठ. दवाखान्यात नेऊन उपेग न्हाई म्हनायलेत, घरीच ठेवायचं. दुखन्याला सध्या आपल्याकडं काय मिळतंय?"

मी सांगितलं. घरी येणारं पथक आहे, दुखण्याचं चांगलं औषध देतात, सवय लागेल म्हणून घाबरायचं नाही, वेळेवर घ्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. पोट साफ राहण्याचं औषध सोबत लागतं. तोंड कोरडं पडतं, ओल्या कापसानं पुसत राहायचं. सांभाळणाऱ्या माणसाला ते सगळं शिकवतात. मी नीट सांगत होतो, शिकवल्यासारखं. सूचना सांगताना मी चांगला असतो.

"झरीच्या अंगाला कोनत्या वारी येत्यात?"

"मंगळवारी."

"बरं. थांबा, मी एकदा परत म्हनते..."

"अक्का, साहेबांचा फोन येतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

कुणाचा फोन येत नव्हता. पेशंट कोण, हे मी विचारलं नव्हतं. मला कळलं नव्हतं, असं मी त्यानंतर स्वतःला सांगत आलो. आज सरळ सांगतो. 'पोटाची गाठ' म्हणताना तुमचा आवाज जरासा अडला, तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही परत म्हणून झाल्यावर पुढं काय विचाराल याची भीती वाटली, म्हणून पळालो. झरीचा वार बदलून गुरुवार झाला होता. ती सूचना मीच वाचली होती, मीच गटात टाकली होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जुनंच येतं. तुम्ही 'मंगळवार' म्हणून दाखवलं असतंत तर माझ्या कानाला ते खटकलं असतं. तेवढं एकदा ऐकून घ्यायचं होतं. तेवढंच मी ऐकलं नाही.

पुढं आलो तेव्हा अशोकनं फाटकातच सांगितलं. मंगळवारी सकाळपासून तुम्ही वेणी घालून, धुतलेलं पातळ नेसून खाटेवर बसला होतात. कुणी येणार आहे म्हणालात, कोण ते सांगितलं नाहीत. दुपार झाली, दिवस मावळला. दुखणं अनावर झालं होतं, पण आडवं व्हायला तयार नव्हतात. पथक गुरुवारी आलं.

मी आत आलो. तुम्ही बारीक झाला होतात, पण चेहऱ्यावर आराम होता. मी मोसंबी सोलायला घेतली, हातांना काहीतरी हवं होतं. अशोक चहा करायला गेला तसं तुम्ही हळूच म्हणालात, "औषधानं लय बरं वाटायलंय. वार तेवढा चुकला व्हता. असतंय."

मी फोडीवरचं पांढरं काढत राहिलो.

"आन् अशोकला सांगू नका, मला ठावं हाय म्हनून. पोरगं हाय खाईल."

इतकी वाट मोकळी करून दिलीत. गाठीचं ओझंही उतरवलंत, आता फक्त वाराचं राहिलं होतं. त्यावरही तुम्ही थांबलात, बघितलंत, आणि विचारलंत, "तुमाला काही सांगायचंय का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "आराम करा."

तुम्ही एक फोड घेतलीत. "गोड हाय," म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं ते.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लिंबाखाली मांडव होता. वंदना झाली, लोक बोलले. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. जेवणं चालू असताना पांढऱ्या साडीतल्या एक बाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमीच का ते फोनवाले भाऊ? मी मंगल, वालूरची. मामंजीला सांभाळते, त्यायला बी गाठच हाय. अक्काचा शेवटचा सांगावा आला व्हता, परत सांगायचा राहिला. आता कुनाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हणालो.

त्यांनी पदर सारखा केला, आणि शाळेत उभं राहिल्यासारखं सांगायला लागल्या. घरी पथक येतं. दुखण्याचं औषध वेळेवर, दुखायची वाट बघायची नाही. सवयीला भ्यायचं नाही. पोट साफ राहण्याचं सोबत. ओल्या कापसानं तोंड. अक्का, सगळं तेच होतं. मी फोनवर सांगितलेलं, खाटेवर पडून तुम्ही पुढं धाडलेलं, वालूरपर्यंत जाऊन आलेलं. एक शब्द वाकला नव्हता.

"आन् वार," मंगलताई म्हणाल्या. "आधी झरीकडं मंगळवार असं आलं व्हतं. मंग अक्कानं दुसरा सांगावा धाडला, की मंगळवार माझ्या तोंडून चुकून गेला, गुरुवार धरा. आन् वालूरकडं कोनता वार, ते भाऊला इचारा म्हनल्या." त्या जराशा अडखळल्या. "अजून एक हाय. सांगू का?"

"सांगा."

"म्हनल्या, त्यो मानूस चांगला हाय. पर आपुन परत म्हनून दावल्याबिगर त्याला फोन ठिवू देऊ नका."

इतक्या लोकांसमोर, जेवणाच्या पंगतीत, पहिल्यांदा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. "ताई, मंगळवार अक्कांच्या तोंडून गेला नव्हता. मी चुकीचा सांगितला होता. त्या दिवसभर वाट बघत बसल्या, माझ्यामुळं."

मंगलताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दयेनंही नाही. घाईत असलेल्या माणसानं बघावं तसं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग आता तरी नीट सांगा. मामंजीला लय दुखायलंय."

मी पथकाच्या बाईंना फोन लावला, वालूरचा वार विचारला, माझ्या तोंडानं परत म्हणून खात्री केली. मग मंगलताईंना सांगितलं. वार, वेळ, कुणाला भेटायचं, कोणते कागद लागतात. सांगून झाल्यावर म्हणालो, "आता तुम्ही म्हणा."

त्या पहिल्यापासून म्हणायला लागल्या. मध्येच माझ्या खिशातला फोन वाजला. काढून बघितला, खरंच साहेबांचा होता. तो तसाच वाजत ठेवून मी मंगलताईंकडं बघितलं. त्या थांबल्या होत्या.

"म्हणा," मी म्हणालो. "मी ऐकतोय."